कांद्याच्या फुलावर माशी बसेना

११ फेब्रुवारी, बुधवार. हजर: मी, टेम्पोचे मालक आणि चालक इक्बालभाई, मधमाश्यांच्या वीस पेट्या. आत माश्या किती, ते ज्याला हौस असेल त्यानं मोजावं. आदल्या रात्रीच निघालो वाईहून. जायचं होतं लोहारा तालुक्यातल्या एका गावी, माझी मामेबहीण शोभा हिच्या सासरी.

पेट्या अंधारातच हलवाव्या लागतात, कारण दिवसा माश्या घरी नसतात. त्यामुळे सोलापूरपर्यंतचा रस्ता मी पाहिला नाही असंच धरा. उजाडलं ते नळदुर्गच्या अलीकडे. एका टपरीवर चहाला थांबलो. टेम्पोतून घूं घूं असा जाड आवाज येत होता. चहावाला म्हणाला, "इंजन बंद करा की, खामखा तेल जळायलंय."

"बंदच आहे," इक्बालभाई म्हणाले आणि किल्ली काढून दाखवली.

चहावाल्यानं एकदा किल्लीकडे आणि एकदा टेम्पोकडे पाहिलं. चहा त्यानं आम्हाला रस्त्याच्या पलीकडे आणून दिला.

मी वाईजवळ पेट्या ठेवते. स्ट्रॉबेरीवाले, घेवडेवाले फुलोऱ्याच्या दिवसांत त्या आपल्या शेतात नेतात आणि काम झालं की परत आणून देतात. पण कृष्णेच्या खोऱ्याबाहेर मी पेटी कधी नेली नव्हती. यावेळी नेली, कारण शोभाचा फोन आला होता आणि तिच्या आवाजात विनंती नव्हती, घाई होती. तिचा बियाण्याचा कांदा फुलावर आला होता.

ज्यांनी कांदा फक्त भाजीवाल्याकडे पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. बी हवं असेल तर निवडलेले चांगले कांदे, म्हणजे गोट, दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना हिरव्या पोकळ दांड्या येतात. दांडीच्या टोकाला पांढरा गोंडा येतो, आणि त्या एका गोंड्यात शेकड्यांनी बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलाला बोंड धरलं तर त्यात काळं बी. नाही धरलं तर भुसा.

लोहाऱ्याच्या पुढे रस्ता सपाट काळ्या रानातून जातो. आमच्याकडे कुठेही उभं राहिलं तरी पाठीशी एखादा डोंगर असतो. इथं नजर निघाली की जातच राहते, तिला अडवायला एखादं कडुलिंबाचं झाड, फार तर विजेचा खांब. तुरी निघालेल्या होत्या, त्यांची धसकटं वावरात उभी होती. ज्वारी मात्र कणसांसकट ताठ. मला ही मोकळी जागा काही केल्या मानवेना. सारखं वाटत होतं, काहीतरी विसरलंय. दोनदा टेम्पो थांबवून पेट्यांच्या दोऱ्या तपासल्या.

घरी पोचलो तर शोभाचे सासरे तात्या अंगणातच होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, अजूनही खिशात एक पाना बाळगणारे. "जय भीम, नंदाबाई. गाडी कुठं तापली न्हाय न?" ही त्यांची विचारपूस. त्यांच्या मागून शोभाच्या सासूबाई आल्या. त्यांना सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी माझ्या आणि इक्बालभाईंच्या तळहातावर गुळाचा एकेक खडा ठेवला, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मगच "कंदी निघाला व्हता?" असं विचारलं. आमच्याकडे आधी पाणी आणि मग "चहा घेणार का?" असा प्रश्न असतो. त्या प्रश्नात नकाराला जागा ठेवलेली असते. इथं गूळपाणी पोटात गेल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही.

शोभाचा नवरा लातूरला नोकरीला आहे, सुटी मिळाली तर शनिवारी येतो. वावर शोभाच बघते. पेट्या उतरवायला रानात जाताना तिनं मला सगळं एका दमात सांगितलं.

"ताई, गेल्या साली म्या गोंडे चोळले तर हातात नुसता फोल. एक मूठ बी निघालं न्हाय. तात्या म्हनले, अजून एक साल देतो. औंदा बी धरलं तर वावर तुझ्याकडं. न्हाय धरलं तर थोरल्याला, सोयाबीनला."

"आणि थोरले दीर काय म्हणतात?"

"ते काय म्हनतील? त्यांनी नांगरवाल्याला सांगूनबी ठिवलंय."

वावर पाऊण एकराचं. कांदा पांढरा, बाईंच्या माहेरचा, भाकरीबरोबर हातानं फोडून खाण्याजोगा गोड. आसपासच्या दोन-तीन गावांतले लोक शोभाकडे त्याचं बी मागून ठेवतात. गेल्या साली तिनं सगळ्यांना नाही म्हणून परत पाठवलं होतं. यंदा आम्ही पोचायच्या आधी काही दिवस ती सकाळी हातात सुती मोजे चढवून एकेक गोंडा कुरवाळत फिरली होती, म्हणजे पराग इकडून तिकडे लागतील. पाऊण एकरात ते एका बाईचं काम नव्हे.

पेट्या बांधावरच्या लिंबाखाली ओळीनं मांडल्या. तोंडं पूर्वेला. पाण्याच्या पसरट भांड्यात खडे टाकले, म्हणजे पिताना माश्या बुडत नाहीत. मग एकेक दार उघडलं. माश्या बाहेर आल्या, पेटीकडे तोंड करून हवेत गोल गोल फिरल्या, नवीन घराचा पत्ता पाठ करून घेतला. एकीनं इक्बालभाईंच्या कानाला डंख मारला. बाईंनी कानाला चुना लावला आणि म्हणाल्या, "वळख पटली आता."

त्या रात्री येसरची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आमटीला त्यानं जो दाटपणा येतो त्याची कृती मी लिहून आणली आहे. इक्बालभाईंनी तीनदा वाढून घेतली, कान सुजलेला असताना.

१२ फेब्रुवारी

सकाळी ऊन वर आल्यावर मी वावरात शिरले आणि अर्ध्या तासात समजलं की काहीतरी बिघडलंय. पेट्यांतून माश्या भराभर बाहेर पडत होत्या, पण गोंड्यांवर नव्हत्या. सरीमागून सरी चालत गेले. एखाद्या गोंड्यावर एखादी, तीही बसल्यासारखं करून उठणारी. शोभा माझ्या मागे मागे.

मनातल्या मनात यादी धरली. दारं उघडी? उघडी. राणी माश्या जिवंत? चार पेट्या उघडून पाहिल्या, ठीक होत्या. प्रवासात चौकटी मोडल्या? नाही. हवा? कोरडी, ऊबदार, फुलं उमललेली. मग माश्या गेल्या कुठं?

बांधाच्या पलीकडच्या कडेला गेले आणि सापडल्या. तिथं एक परात, दोन ताटल्या, एक जर्मनचं झाकण अशी ओळ मांडलेली, प्रत्येकात तांबूस पाणी, आणि त्यावर माश्यांची नुसती दाटी. काही पिऊन तर्र झालेल्या, काही त्यातच बुडालेल्या. काळ्या मुंग्यांची रांगही लागली होती.

"हे कुणी ठेवलं?"

"म्या," बाई म्हणाल्या. त्या लिंबाखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "गूळपानी हाय. लांबनं आल्यात बिचाऱ्या, सारी रात परवास."

"बाई, पोट भरलं की त्या फुलावर कशाला जातील?"

"म्हंजी? उपाशी लावता का त्यांला?"

"हो. थोडं उपाशीच."

"आमच्या दारातनं कुनी उपाशी गेलं न्हाय आजवर," असं म्हणून त्यांनी परात उचलली आणि ती रिकामी करायला इतक्या लांब गेल्या की त्यांना राग आलाय हे सगळ्या वावराला दिसावं.

ताटल्या हटल्यावर मी पुन्हा उभी राहिले. माश्या थोडा वेळ ओल्या मातीवर घुटमळल्या. मग उंच उडाल्या, शोभाच्या पांढऱ्याशुभ्र गोंड्यांवरून सरळ पुढे गेल्या आणि बांध ओलांडून शेजारच्या धन्याच्या पिकात उतरल्या. तिथंही फुलोरा होता, कोथिंबिरीची ती पांढरी-गुलाबी चाळणीसारखी फुलं. वाईहून एवढ्या लांब आणलेल्या माझ्या माश्या शेजाऱ्याच्या कामाला लागल्या.

शोभा खाली बसली. "त्यांला आपला कांदा आवडंना का?"

खरं उत्तर होतं, नाही आवडत. कांद्याच्या फुलात रस असतो, पण उन्हानं तो घट्ट होतो, आणि त्याची चव माश्यांना धन्याइतकी रुचत नाही. दोन्ही समोर असले तर माशी धने निवडते. हे मला माहीत होतं, पण बांधापलीकडे धने आहेत हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. माझ्या विचारायच्या यादीत आता तो पहिला प्रश्न आहे.

दुपारी तात्या येऊन बांधावर उभे राहिले. माश्यांची ये-जा बघितली. "इंजन चालू हाय, पर गाडी दुसऱ्याच्या दारात उबी हाय," एवढं बोलून घरी गेले.

१३ फेब्रुवारी

माश्यांना वासाची सवय लावता येते. कांद्याची ताजी फुलं साखरेच्या पाकात दिवसभर मुरवायची, तो पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यायचा. घरातल्या माश्यांनी ते चाटलं की त्यांना कळतं, हा वास जिथं तिथं गोड. सकाळी त्या तोच वास हुडकत निघतात. मी हे घेवड्यावर एकदा केलं होतं, कांद्यावर कधीच नाही. शोभाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "करून बघू म्हनू नका ताई. करू म्हना."

फुलं पहाटेच पाकात टाकली, पण साखर कमी पडली. घरात होती तेवढी आधीच घातली. आणखी आणायला मी जीपनं लोहाऱ्याला गेले. जीपमध्ये माणसं बसवण्याची पद्धत अशी की शेवटचा माणूस बसला की पहिल्याला उतरायला जागा राहत नाही. परत येताना साखरेची पिशवी मांडीवर. समोर बसलेल्या एका बाईनं विचारलं, "येवढी साकर? लगीन हाय का?"

"हो. कांद्याचं."

"नवरदेव कोन मग?"

"तोही कांदाच."

"अन् वऱ्हाडी?"

"वऱ्हाड वाईहून आणलंय, पण ते जेवायला दुसऱ्याच्या मांडवात गेलंय."

सगळी जीप हसली. मीही हसले, पण पिशवीचं तोंड मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की उतरताना बोटं सरळ होईनात.

संध्याकाळी पाक गाळायला बसलो. बाई अजून फुगलेल्याच होत्या, तरी फडकं त्यांनीच काढून दिलं. मग पातेल्यात डोकावल्या.

"ह्यात साकर हाय."

"आहे."

"अन् हे माश्यांला देनार."

"देणार."

"मग म्या काय येगळं केलं व्हतं?"

"तुमचं पाणी दारात होतं, बाई. हे घरात जाणार. आणि याला कांद्याचा वास आहे. तुम्ही जेवू घातलंत, मी कामावर पाठवतेय."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण गोंडा हातात घेऊन त्या निरखू लागल्या. मी एक फूल सोडवून दाखवलं. प्रत्येक फुलात आधी केसर पिकतात आणि पिवळी भुकटी सांडतात, म्हणजे पराग. तेव्हा मधली दांडी आखूड असते, तिला काही घेता येत नाही. पराग सांडून संपत आले की मग ती लांब होते, तिचं टोक ओलसर होतं आणि ती वाट बघते. पण तोवर त्या फुलातला पराग गेलेला असतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलातनं आणावा लागतो, आणि तो चिकट असल्यामुळे वाऱ्यानं येत नाही. माशीच्या अंगावरून येतो.

"म्हंजी नवरा कामावर गेल्यावर बायकू उठती," बाई म्हणाल्या. "आमच्या शोभीसारखं."

"आत्या!" शोभा ओरडली.

"खोटं हाय का? त्यो लातूरला, तू हितं. बरं, पुडं काय व्हतं?"

पुढचं मला सांगायला नेहमी आवडतं. पराग त्या ओल्या टोकाला चिकटला की त्याला सुतासारखी नळी फुटते. ती नळी दांडीच्या आतून खाली उतरत जाते, थेट बुडाशी असलेल्या इवल्या बोंडापर्यंत. बोंडात तीन खोल्या, खोलीत दोन जागा. ज्या जागेपर्यंत नळी पोचली तिथं बी धरतं, जिथं पोचली नाही ती जागा सुकते. मग पाकळ्या गळतात, बोंड फुगतं, आतलं दुधासारखं पाणी घट्ट होतं आणि बी काळं पडतं.

बाईंनी गोंडा खाली ठेवला. "अन् माशी गेलीच न्हाय तर सहाच्या सहा वांझ," असं म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं पाक वाट्यांत ओतू लागल्या.

१४ फेब्रुवारी

सकाळी गोंड्यांवर माश्या होत्या. सगळ्या नव्हेत, पण होत्या. बसत होत्या, चालत होत्या, फुलाफुलात तोंड घालत होत्या. शोभा सरीत उभी राहून बोट दाखवत होती, "ही बगा, ही बगा ताई, हितंबी," आणि मला तिला गप्प करावंसं वाटत होतं, कारण निम्म्या अजून धन्यातच जात होत्या.

तेवढ्यात बांधापलीकडून पेट्रोलच्या फवारणी पंपाचा आवाज आला.

मी धावले. माझं वय आणि नांगरट दोन्ही लक्षात घेता ते धावणं बघण्यासारखं असणार. पलीकडे पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर गृहस्थ पाठीवर पंप चढवत होते. ते मलप्पा अण्णा, धन्याचे मालक. घरात कानडी, बाहेर मराठी बोलणारे.

"थांबा! अण्णा, थांबा!"

त्यांनी पंप बंद केला. "बर्री अक्का, बर्री. या, कूडरी, बसा. साप बिप निगाला काय?"

"काय फवारताय?"

"मावा पडलाय धन्यावर. औषद मारायलोय."

"माझ्या माश्या तुमच्या फुलांवर आहेत. आत्ता मारलंत तर एकही घरी जाणार नाही."

अण्णांनी पिकावर नजर फिरवली. "हां, त्या तुमच्या का? दोन दिस झालं बगायलोय. येवड्या माश्या कुटनं आल्या म्हनून बायकू परेशान." मग गालात हसले. "माज्या वावरात चरायल्यात म्हनल्यावर चराई कोन देनार?"

"त्याच देतायत. बघा." मी धन्याचं एक फूल वाकवलं. कडेच्या फुलांत हिरवे दाणे धरू लागले होते. "माशी फिरली की दाणा भरतो. हे तुम्हाला फुकट मिळतंय. फक्त आज दिवसा फवारू नका. सूर्य बुडाल्यावर मारा, तेव्हा त्या घरात असतात. उद्या सकाळी मी पेट्यांची दारं उशिरा उघडेन."

"औषद कालवलंय अक्का. पंप भरलाय. आता त्ये ओतू कुटं?"

कालवलेलं औषध ठेवलं की त्याचा जोर उतरतो, हे मलाही माहीत होतं. मावा, ती रस शोषणारी कीड, एका दिवसात किती वाढतो तेही माहीत होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर ते चूक नव्हते.

अण्णांनी बांधाकडे पाहिलं. शोभा तिथं येऊन उभी होती. तिच्या मागे काही अंतरावर तात्या. या दोन म्हाताऱ्यांचं बांधाच्या दगडावरून बरीच वर्षं बोलणं बंद आहे, हे शोभानं आल्या दिवशीच सांगितलं होतं.

"पोरीचं वावर जानार म्हनत्यात, खरं हाय का?" अण्णांनी मला विचारलं, पण तात्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"बी धरलं नाही तर जाणार."

अण्णांनी पाठीवरचा पंप उतरवला, सावलीला ठेवला, टोपी काढून त्याच्या झाकणावर घातली आणि शेजारी बसले. "सांगा तात्याला," ते म्हणाले, "मलप्पा थांबलाय म्हनावं."

ते खरंच थांबले. दिवसभर. घरून जेवण तिथंच मागवलं. मध्येच जाऊन पिकात वाकून मावा बघत, तोंडानं 'च्च' करत आणि परत येऊन बसत. मी तिथून हलू शकले नाही. कुणी बसवलं नव्हतं, तरी. चारदा पेट्या तपासल्या, दोनदा उगाच. अण्णांनी मला हुरड्याची शेवटची कणसं भाजून दिली, बरोबर लसणाची चटणी. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती मी चवीनं खाल्ली असती.

दिवस मावळला, माश्या परतल्या, मी दारांवर जाळ्या बसवल्या आणि हात वर केला. पलीकडे पंप सुरू झाला. तात्या घराच्या दारात उभे राहून तो आवाज ऐकत होते. "त्याच्या इंजनाचा पलग साफ करायला पायजे," असं म्हणाले. बाई माझ्याकडे बघून हसल्या. इतक्या वर्षांत अण्णांविषयी तात्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापेपर्यंत पेट्या बंद ठेवल्या. माश्या जाळ्यांना लटकून संतापल्या होत्या. दारं उघडली तशा धन्याकडे गेल्या, औषधाचा वास आला असावा, वळल्या आणि सगळ्या कांद्यावर उतरल्या. पांढऱ्या गोंड्यांवर तपकिरी ठिपके हलताना दिसू लागले. शोभा सरीत शिरून फक्त उभी राहिली, माश्यांमध्ये, हात अंगाशी घेऊन. आम्ही त्याच दुपारी रिकामा टेम्पो घेऊन वाईला निघालो. पाक कधी द्यायचा, पाणी कधी बदलायचं, हे सगळं तिला दोनदा सांगितलं आणि नळदुर्गला पोचल्यावर तिसऱ्यांदा फोनवर.

२१ मार्च, शनिवार. हजर: मी, इक्बालभाई, रिकामा टेम्पो.

पेट्या परत न्यायला आलो. मधल्या दिवसांत रानाचा रंग बदलला होता. ज्वारी निघाली, धने निघाले, आणि जमीन एवढी तापली की चपलेतून कळत होतं. आमच्याकडे मार्चात धोमच्या धरणाचं पाणी तरी दिसतं. इथं टँकरची वाट बघणाऱ्या घागरी दिसतात.

शोभाच्या वावरातले गोंडे तपकिरी झाले होते. आम्हाला बघून ती सरीत शिरली, पण गोंडा तोडला तात्यांनी. त्यांनी तो दोन्ही तळहातांत धरला आणि चोळला. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो: बाई, शोभा, शनिवार म्हणून घरी आलेला तिचा नवरा, इक्बालभाई. तात्यांनी हात उघडले आणि फुंकर मारली. भुसा उडाला. हातात काळं, टोकेरी, चमकणारं बी राहिलं. त्यांनी वावराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आणखी एक चोळला. मधला आणखी एक. दरवेळी फुंकर, दरवेळी काळं.

"थोरल्याला सांगा," ते म्हणाले, "नांगरवाल्याला दुसरीकडं पाटव म्हनावं."

शोभानं पदर तोंडाला लावला. बाईंनी तिला बाजूला ओढलं, "रडतीस कशाला, पोतं आन," असं दटावलं आणि स्वतःच डोळे पुसले.

मग जेवण झालं. खव्याची पोळी होती. इक्बालभाईंनी या वेळी मोजून खाल्ली असं ते म्हणाले, मी मोजलं नाही. जेवणं आटपतात तोच मलप्पा अण्णा दारात आले. हो, या घराच्या दारात. हातात धन्यानं भरलेली पाटी. तात्यांनी उठून त्यांना खाट दिली. बाईंनी गुळाचा खडा पुढे केला.

"तुमच्या माश्यांचा हिस्सा," अण्णा पाटी ठेवत म्हणाले. "असा दाना माज्या वावरात कंदी भरला नव्हता, अक्का. माव्यानं खाल्लं थोडं, खाऊ द्या. आता माजं ऐका. म्याबी ठरीवलंय. औंदा दिवाळीनंतर म्याबी कांद्याचं बी धरनार. लाल कांदा. गोट सांगून ठिवलेत. ह्या बांधाला लागूनच लावतो, म्हंजी पेट्या एकाच जागी ऱ्हातील. तुमी तेवड्या वाढवून आना."

अण्णांनी गूळ तोंडात टाकला आणि समाधानानं पाणी प्याले.

शोभाचा चेहरा मी पाहिला. तिला समजलं होतं, मला समजलं होतं, आणि बाईंनाही, कारण त्या हातातला तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. माशीला बांध कळत नाही. ती लाल कांद्याच्या फुलातून उठणार आणि पांढऱ्यावर बसणार. लाल परागाची नळी पांढऱ्याच्या बोंडात उतरणार. त्या साली कुणाला काही दिसणार नाही. बी काळंच असणार, शुद्धाचंही आणि मिसळीचंही, चोळून आणि फुंकून फरक कळायचा नाही. शोभा ते त्या दोन-तीन गावांत वाटणार. पुढच्या साली लोकांच्या वाफ्यात गुलाबी कांदे निघाले की मग कळणार, आणि तेव्हा बाईंच्या माहेरचा कांदा परत आणायचा तर कुठून? दोन पिकांत निदान एक-दीड किलोमीटर मोकळं रान हवं. इथं एका दगडाचं अंतर आहे, तेही वादातलं.

"पांढराच लावा की अण्णा, आमचाच गोट देतो," शोभा हळूच म्हणाली.

"न्हाय पोरी, पांढरा तुजा. त्यात म्या कशाला वाटा घेऊ?" अण्णा म्हणाले. त्यांनी ते इतक्या प्रेमानं म्हटलं की तिला पुढे बोलता येईना. भरलेला पंप सावलीला ठेवून जो माणूस दिवसभर बसून राहिला, त्याला तू कांदा फुलवू नकोस, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दोन्ही म्हातारे तर खाटेवर शेजारी बसून पंपाच्या पलगविषयी बोलत होते.

संध्याकाळी माश्या परतल्यावर पेट्या भरल्या आणि आम्ही निघालो.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. पेट्या धुतल्या. जाळ्या दुरुस्त केल्या. येसर करून पाहिलं, जमलं नाही. मलप्पा अण्णांनी दिलेले धने कुटून डब्यात भरले. शोभाचा फोन आठवड्यातून दोनदा येतो. अण्णांनी लाल गोटासाठी जागा नांगरून घेतली, असं काल ती म्हणाली. ताई, तुम्ही बोला, तुम्ही बाहेरच्या, तुमचं त्यांना वाईट वाटणार नाही, हे तिचं म्हणणं. शोभाचं वावर, शोभानंच बोलावं, हे तात्यांचं. बाई म्हणतात, तात्यांनी बोलावं, आता कुठं तोंड उघडलंय तर. गोट दिवाळीनंतर लागतात, त्याच्या आत कुणीतरी अण्णांना सांगायला हवं. मी दोनदा त्यांचा नंबर लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला, "बोला अक्का, पेट्या किती आनायच्या?" असं विचारलं, आणि मी पेट्यांविषयीच बोलले. दुसऱ्यांदा मीच रिंग जायच्या आत बंद केला.